वाजणारा ब्रेक आणि मुका ब्रेक

सकाळी सातच्या सुमाराला आमच्या गल्लीच्या वळणावर पाच मिनिटं उभं राहावं आणि डोळे मिटून घ्यावेत. कोण आलं, कोण गेलं हे न पाहता सांगता येतं. वळणापाशी प्रत्येकाला ब्रेक दाबावाच लागतो आणि प्रत्येकाचा ब्रेक आपापल्या गळ्यानं बोलतो. पेपर टाकणाऱ्या पोराच्या स्कूटरचा ‘चींऽऽ’ असा लांबलेला सूर, दुधाचे कॅन लावलेल्या स्कूटरची खरखर, शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या स्कूटरचं एकच ‘कुईं’ आणि मग शांतता. आवाज ऐकून लोक कपाळाला आठ्या घालतात. ‘अहो, जरा तेल घाला त्यात,’ असा सल्लाही देऊन मोकळे होतात. (ब्रेकमध्ये तेल घाला, यासारखा घातकी सल्ला दुसरा नसेल. त्याविषयी पुढे.) त्याच वळणावरून एखादी स्कूटर मात्र अगदी गुपचूप येते. चालवणारा दोन्ही पाय जमिनीला घासत ती कशीबशी थांबवतो आणि त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मला विचाराल, तर आठ्या घालायच्या त्या त्याच्यासाठी.

मी काही इंजिनियर नव्हे. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. दुचाकीला कर्ज दिलं, की ती बँकेकडे तारण राहायची आणि ती जागेवर आहे ना, हे पाहायला अधिकाऱ्याला जावं लागे. इंजिन नंबर, चासी नंबर, विम्याची मुदत, सगळ्याला फॉर्मवर रकाने होते. ब्रेकला नव्हता. पण नंबर उतरवून झाले, की जाता जाता हँडलवरची लिव्हर दाबून पाहायची मला सवयच लागली होती. उजवीकडची, म्हणजे पुढच्या ब्रेकची लिव्हर हाताला लागताच ढिली पडलेली, अशा स्कूटरी इतक्या पाहिल्या, की पुढं पुढं मोजणं सोडून दिलं. काहींनी तर पुढची वायर तुटल्यावर ती पुन्हा घातलीच नव्हती. मालकाला विचारावं, तर उत्तर ठरलेलं : ‘पायाचा आहे ना, साहेब!’

‘पायाचा’ म्हणजे काय, हे आज विशी-पंचविशीत असलेल्यांना सांगावं लागेल. बजाजची स्कूटर ही मूळची इटलीची व्हेस्पा. पियाजिओ कंपनीच्या परवान्यानं ती आपल्याकडे बनू लागली. १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायला लावणारी, दारात आली की पेढे वाटायला लावणारी हीच ती. तिच्या डाव्या हाताला क्लच आणि मूठ फिरवून बदलायचे गीअर, उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि उजव्या पायाखाली मागच्या ब्रेकचा पेडल. अंगाचा सगळा भार पायावर टाकून थांबण्याची सवय त्या पिढीच्या हाडामांसात मुरली. पुढची लिव्हर राहिली शोभेपुरती. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, गीअर गेले, पाय मोकळा झाला आणि मागचा ब्रेक डाव्या हातात आला. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक स्कूटरींची रचना तीच : डावीकडे मागचा, उजवीकडे पुढचा. यंत्र बदललं, पण घराघरातला उपदेश मात्र तोच राहिला. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस हं, पालथा पडशील.’ बापानं मुलाला सांगितलं, मुलानं बहिणीला, आणि आता ती आपल्या लेकीला सांगते.

या उपदेशाची किंमत काय, ते सांगण्याआधी चाकाच्या पोटात काय चालतं ते पाहू. बहुतेक स्कूटरींना निदान मागच्या चाकात तरी ड्रम असतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा एक उथळ डबा. डब्याच्या आत, न फिरणाऱ्या दोन चंद्रकोरी समोरासमोर बसवलेल्या असतात आणि त्यांच्या पाठीवर घर्षणाचा जाड थर असतो. कंपनीच्या भाषेत यांना ब्रेक शू म्हणतात, गॅरेजमध्ये सरसकट ‘लायनर’. लिव्हर दाबली, की वायर ओढली जाते, वायरीच्या टोकाची छोटी दांडी वळते, तिच्या आतल्या टोकाचा कॅम दोन्ही लायनरना बाहेर रेटतो आणि ते फिरत्या डब्याला आतून घट्ट धरतात. लिव्हर सोडली, की स्प्रिंगा त्यांना जागेवर ओढून घेतात. यात एक गंमत आहे. दोनपैकी एका लायनरला फिरतं चाक स्वतःच आपल्याकडे ओढून घेतं, त्यामुळे तो आपण दाबला त्याहून जास्त जोरानं आवळला जातो. दोन बोटांच्या ताकदीनं दोन माणसं आणि एक स्कूटर थांबते, त्यात या ओढीचा मोठा वाटा आहे.

आता आवाज. सारंगीवर राळ लावलेला गज फिरतो, तेव्हा तो तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा झालं, की सूर निघतो. ब्रेकचं किंचाळणं याच जातीचं. लायनर ड्रमला धरतो-सोडतो, लोखंडी ड्रम घंटेसारखा थरथरतो आणि आपल्या कानाचे पडदे फाटतात. हे होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. लायनर झिजून झालेली भुकटी ड्रममध्ये साठते, तिला बाहेर पडायला वाट नसते. किंवा कायम हलका हलका ब्रेक लावल्यामुळे लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. रात्री पाऊस पडून गेला असेल, तर सकाळी ड्रमच्या आत गंजाचा पातळ पापुद्रा आलेला असतो. तो आवाज दोन-चारदा ब्रेक लावल्यावर आपोआप जातो, त्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही.

भिण्यासारखा आवाज वेगळा असतो. तो किंचाळत नाही, खरवडतो. ‘खर्रर्र’ असा, आणि कानाइतकाच हाताला कळतो, लिव्हरमध्ये मुंग्या आल्यासारखं वाटतं. याचा अर्थ लायनरचा थर संपला आणि धातूवर धातू घासू लागला. मग लायनरबरोबर ड्रमही खराब होतो आणि खर्च वाढतो. हे ऐकल्यावर ‘पुढच्या पगाराला बघू’ म्हणू नये. ब्रेक न दाबताच चाकातून घासल्याचा आवाज येत असेल, तर कोणीतरी नट जास्त आवळून ठेवला आहे किंवा वायर आत गंजून अडकली आहे. लायनर सतत ड्रमला टेकलेला आहे आणि तुम्ही पेट्रोल जाळून ब्रेक झिजवत आहात. सावकाश थांबताना लिव्हर हातात श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही, असं समजावं.

ही सगळी विद्या मला शिकवली ती आमच्या कोपऱ्यावर, कडुलिंबाच्या झाडाखाली गॅरेज चालवणाऱ्या एका मेकॅनिकनं. गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या सूनबाई रोज सकाळी नातवाला पुढे उभा करून शाळेत सोडतात आणि तशाच कामावर जातात. स्कूटर बऱ्यापैकी जुनी, दोन्ही चाकांना ड्रम, प्रत्येक लिव्हरचं एकेकच चाक. पुढचा ब्रेक इतका वाजायचा, की सिग्नलला माणसं वळून पाहत. एक दिवस ती म्हणाली, ‘बाबा, मला लाज वाटते हो. मी हल्ली उजवी लिव्हर दाबतच नाही, डावीवरच भागवते.’ रविवार होता. मी म्हटलं, ‘चल, दाखवून आणू.’

मेकॅनिकनं आधी काहीच विचारलं नाही. स्टँडवर लावून उजवी लिव्हर दाबली, डावी दाबली आणि पुढच्या चाकाकडे न जाता तो मागे जाऊन बसला. ‘काका, इकडे या. हा नट बघा.’ ब्रेकच्या वायरीच्या टोकाला, मागच्या चाकापाशी एक नट असतो. लायनर झिजला, की तो थोडा आवळायचा म्हणजे लिव्हर पुन्हा वर येते. तो नट पार शेवटच्या आट्यापर्यंत येऊन ठेपला होता. ‘जो तो आवळून देत गेला. उघडून कुणी बघितलं नाही.’ मग त्यानं डावी लिव्हर पूर्ण दाबायला सांगितली. ती जवळजवळ मुठीला टेकली. चाकापाशी त्या दांडीच्या मुळाशी एक बाण असतो आणि शेजारी एक खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला, की लायनर संपले. बाण भिडून पलीकडे गेला होता.

चाक उघडलं. मागचे लायनर पापडासारखे झाले होते. पुढचं चाक उघडलं, तर तिथले लायनर जाडजूड, निम्म्याहूनही जास्त शिल्लक, फक्त वरून चकचकीत आणि ड्रममध्ये मूठभर काळी भुकटी. ‘वाजत होता तो चांगला होता, ताई,’ तो सूनबाईंना म्हणाला. ‘गप्प होता तो गेलेला.’

मला यातली साखळी महत्त्वाची वाटते. पुढचा ब्रेक वाजतो म्हणून ती तो टाळू लागली. अगदीच लागला तर हलकेच लावायचा, म्हणून तो अधिक गुळगुळीत झाला आणि अधिक वाजू लागला. सगळा भार मागच्यावर पडला आणि तो दुप्पट वेगानं झिजला. पण झिजताना त्यानं आवाज केला नाही. त्याची तक्रार होती ती लिव्हरमध्ये. ती रोज केसभर अधिक आत जात होती. केसभर फरक हाताला कळत नाही, हात त्याला सरावतो. आवाज चारचौघांत लाजवतो म्हणून आपण गॅरेजला जातो. खाली गेलेल्या लिव्हरला कोणी हसत नाही.

त्यानं पुढचा ड्रम ओल्या फडक्यानं पुसून घेतला, लायनरची चकाकी पॉलिश पेपरनं घालवली, त्यांच्या कडा जरा घासल्या. मागे नवे लायनर घातले, कॅमला अगदी नखावर मावेल इतकं ग्रीस लावलं. सूनबाईंनी डावी लिव्हर दाबून पाहिली आणि दचकल्याच. ‘हे काय, इतक्यातच लागतो?’ इतक्यातच लागतो, तसाच तो लागायला हवा होता. नवे लायनर ड्रमला पूर्ण बसायला काही दिवस जातात, तोवर जपून चालवायची, एवढं सांगून त्यानं पैसे घेतले.

ड्रम पुसला तो ओल्या फडक्यानं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बरेच जण तोंडानं फुंकतात किंवा हवेच्या पाइपनं उडवतात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे आणि त्याची भुकटी फुप्फुसात जाऊन बसते. कुठल्या डब्यातला लायनर कशाचा केलाय, हे बाहेरून ओळखता येत नाही, तेव्हा फुंकर न घातलेली बरी. शेजारी लहान मूल उभं असेल, तर त्याला लांब न्यावं. आणि तेलाचं म्हणाल, तर तेल लागलं की आवाज खरोखरच थांबतो. कारण ब्रेक थांबतो! लायनर तेल पिऊन बसला, की पुन्हा पकड येत नाही, बदलावाच लागतो. गाडी धुतल्यावर चकाकीसाठी फवारा मारतात, तोही चाकांवर मारू देऊ नये.

घरच्या घरी पाहायचं, तर एक पट्टी पुरे. लिव्हरच्या टोकापाशी, ब्रेक धरायला सुरुवात होण्याआधी, सुमारे १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. त्याहून कमी असेल, तर ब्रेक चिकटून राहील. जास्त असेल, तर ऐन वेळी लिव्हरचा प्रवास संपून जाईल. पूर्ण जोरानं दाबल्यावरही लिव्हर आणि मूठ यांच्यामध्ये बोटभर जागा उरलीच पाहिजे. सोडल्यावर ती टणकन परत यावी, आळस देत आली तर वायर बदलायची वेळ झाली. नट आवळला असेल, तर त्याची खाच दांडीच्या पिनेवर नीट बसली आहे ना, हे पाहावं, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात तो आपली जागा धरतो आणि तुमचं माप बदलतं. लिव्हरच्या टोकाला गोळा असतो, तो नक्षीसाठी नाही. पडल्यावर टोक अंगात घुसू नये म्हणून आहे. तो तुटलेली लिव्हर वापरू नये. आणि पडून वाकलेली लिव्हर पान्यानं सरळ करून घेण्याची जी आपली काटकसर आहे, ती इथं कामाची नाही. ओतीव अ‍ॅल्युमिनियम एकदा वाकून पुन्हा सरळ झालं, की आतून तडकलेलं असू शकतं.

आता त्या घराण्यातल्या उपदेशाकडे येतो. बँकेतल्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर मूल धावत आलं, हे डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे ११ मीटर नुसतेच गेले. पुढं कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागले, तर स्कूटर साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकवर हे अंतर जवळजवळ दुप्पट होतं. फरक साधारण एका शहर बसच्या लांबीइतका! कारण असं, की ब्रेक लागताच सगळं वजन पुढं झुकतं. बसमध्ये आपण पुढं फेकले जातो तसं. मागचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक घसरतं, थांबवत नाही. ज्या चाकावर भार, त्याच चाकाची पकड. म्हणजे ऐन संकटात जो ब्रेक सर्वांत उपयोगाचा, तोच दाबू नये, असं आपण मुलींना शिकवत आलो.

उपदेशात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. वळणात, वाळूवर, सांडलेल्या तेलावर, पावसात भिजलेल्या झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पुढचं चाक अडकलं, की माणूस खाली आलाच. तिथं पुढचा ब्रेक जपूनच. पण स्कूटर सरळ असेल, रस्ता कोरडा असेल, तर दोन्ही लिव्हर एकत्र, झटका न देता, लिंबू पिळावं तशा वाढत्या दाबानं. एखाद्या रविवारी रिकाम्या मैदानात दहा वेळा हे करून पाहावं. सरकारनंही लोकांची सवय ओळखली. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या प्रत्येक दुचाकीला एक तर एबीएस किंवा दोन्ही चाकांचा जोडलेला ब्रेक असणं सक्तीचं झालं. स्कूटरींमध्ये बहुधा हा जोडब्रेकच असतो. त्यात डावी लिव्हर मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा ओढते. चांगली सोय आहे. पण पुढच्या ब्रेकची पूर्ण ताकद हवी असेल, तर उजवी लिव्हर दाबावीच लागते, आणि आता दोन वायरी एकाच लिव्हरला जोडलेल्या असल्यानं मागचा नट मनाला येईल तसा आवळून चालत नाही.

पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सिंहगडावर रविवारी स्कूटरींची रीघ लागते. चढताना इंजिन रडतं, ते सगळ्यांना ऐकू येतं. उतरताना मात्र सगळे निर्धास्त असतात. चेतकवाला दुसऱ्या गीअरमध्ये टाकून उतरायचा, इंजिनच गाडी धरून ठेवायचं. बिनगीअरच्या स्कूटरीत ती सोय फार तोकडी. वेग कमी झाला, की आतला क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. उरतो तो ब्रेक. स्कूटर आणि दोन माणसं मिळून २४० किलो धरा आणि ५०० मीटर उंचीचा उतार. या उतारात जी शक्ती खर्ची पडते, तिच्यात साडेतीन लिटर पाण्याला उकळी येईल. त्यातली काही हवा खाते, काही इंजिन घेतं, बाकी सगळी उष्णता तुमच्या तळहाताएवढ्या, १३० मिलिमीटरच्या आसपासच्या ड्रममध्ये जाते. तापून ड्रम फुगतो, लायनरपासून दूर सरतो, लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. लिव्हर हळूहळू मुठीकडे जाऊ लागते. आवाज नाही, काही नाही. अशा वेळी वाटेत सावली पाहून थांबावं, दही-ताक घ्यावं, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यावीत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. आणि पुन्हा निघाल्यावर ब्रेक सतत हलका धरून न ठेवता, वेग वाढला की जोरानं दाबून कमी करावा आणि सोडून द्यावा, म्हणजे मधल्या वेळात ड्रमला वारा मिळतो.

डिस्क ब्रेकची गोष्ट थोडी निराळी. तिथं वायरीऐवजी नळीतलं तेल काम करतं. थोडी शीळ डिस्क घालतेच, ती मनावर घेऊ नये. पण लिव्हर दाबल्यावर स्पंजासारखी मऊ लागली, तर नळीत हवा शिरली आहे. हे तेल हवेतलं पाणी शोषत राहतं, म्हणून गाडी फार चालवली नसली, तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं.

आता विजेच्या स्कूटरी आल्या. २०२० मध्ये खुद्द ‘चेतक’ नाव विजेवर परत आलं. इंजिनाचा आवाज गेल्यामुळे ब्रेकची बारीकशी कुजबुजही त्यांच्यात ऐकू येते आणि नवे मालक घाबरतात. त्यांच्यात वेग कमी करायचं बरंचसं काम मोटारच करते, त्यामुळे लायनर कमी झिजतात. पण कमी वापरलेला ड्रम दमट हवेत गंजतो. रोज एक-दोनदा, मागं कोणी नाही असं पाहून, ब्रेक जरा जोरानं लावावा म्हणजे ड्रम स्वच्छ राहतो.

पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून स्कूटर काढली, की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि लिव्हर नेहमीसारखी लागूनही गाडी थांबत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर कडेनं, सावकाश, दोन्ही लिव्हर हलकेच धरून थोडं अंतर चालवायची. घर्षणानं ड्रम तापतो, पाणी उडून जातं, आधी थोडी कुरकुर ऐकू येते आणि मग पकड परत येते. ती आल्याचं हाताला कळल्याशिवाय पुढच्या गाडीच्या मागं जाऊ नये.